आपल्या गावातून महायुद्धात कोण गेलं होतं? शोध घ्यायचा तर असा घ्या

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतल्या बऱ्याच गावांत जुन्या मराठी शाळेच्या भिंतीत, चावडीच्या ओट्यावर नाहीतर देवळाच्या आवारात एक संगमरवरी पाटी बसवलेली असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या मोठ्या लढाईत इतके इसम गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. आकडे आहेत, नावं नाहीत. कुठे पाटीवर चुन्याचे हात बसलेत, कुठे ती नळकोंडाळ्यामागे गेली आहे. गावातल्या तरुण मंडळींना कधीतरी वाटतं की हे लोक कोण होते ते शोधावं. मग कोणीतरी इंटरनेटवर आडनाव टाकतं, चारशे जाधव निघतात आणि उत्साह तिथेच संपतो.

असं होऊ नये म्हणून हा लेख. पहिल्यांदाच या कामाला हात घालणाऱ्यांसाठी आहे, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा: या शोधात नावापेक्षा नंबर (शिपायाला पलटणीत मिळालेला) आणि पलटण यांना जास्त किंमत आहे. आणि त्या दोन्ही गोष्टी इंटरनेटवर नव्हे, बहुतेक वेळा गावातच सापडतात. म्हणून सुरुवात घरातून, संगणक नंतर.

एक माणूस धरा, अख्खं गाव नको

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, हे पेपरात येऊन येऊन सगळ्यांना माहीत झालंय. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला तर सैनिक टाकळीच म्हणतात. अशी मोठी यादी आपल्याही गावची व्हावी असं वाटणं साहजिक आहे, पण पहिला शोध एकाच माणसाचा घ्या. शक्यतो आपल्या घरातला किंवा भावकीतला, ज्याची एखादी तरी वस्तू शिल्लक आहे असा. एका माणसाचा माग काढताना सगळे रस्ते कळतात, मग पुढची नावं भराभर लागतात.

‘सैनिक’ म्हणजे फक्त बंदूकवाला शिपाई असंही धरू नका. पहिल्या महायुद्धासाठी हिंदुस्थानातून सुमारे १४ लाख माणसं भरती झाली, त्यांतली साडेपाच लाखांहून अधिक न लढणाऱ्या कामांवर होती: खेचरं हाकणारे, भिस्ती, लांगरी म्हणजे स्वयंपाकी, धोबी, झाडूवाले, हमाल, डोलीवाले, रेल्वेचे रूळ टाकणारे. दुसऱ्या महायुद्धात सैन्य २५ लाखांपर्यंत गेलं, त्यात ड्रायव्हर, सुतार, वायरलेसवाले, दवाखान्यातले मदतनीस असे किती तरी. शिवाय कोकणातले आणि गोव्यातले खलाशी, आगवाले, बटलर. ते लष्करात नव्हते, पण पाणबुड्यांनी बुडवलेल्या बोटींवर हेच लोक होते. घरात ‘आमचे पणजोबा बोटीवर होते’ एवढीच आठवण असेल तर तीही याच शोधात मोडते.

घरातला पत्र्याचा डबा

देव्हाऱ्याखालची पेटी, माळ्यावरची ट्रंक, आजीचा डबा. काय शोधायचं ते आधी सांगतो.

पहिलं म्हणजे बिल्ला. पदकाला आपल्याकडे बिल्लाच म्हणतात. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं गोल पदक असेल तर एका बाजूला पंचम जॉर्ज राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा पुरुष दिसतो. चेहऱ्याकडे पाहण्यापेक्षा पदक उभं धरा आणि त्याच्या कडेकडे बघा. रुपयाच्या नाण्याला जिथे खाचा असतात तिथे बारीक इंग्रजी अक्षरं असतात: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. खोलीचा दिवा बंद करून मोबाईलची बॅटरी आडवी, अगदी कडेला समांतर धरा, म्हणजे झिजलेलं अक्षरसुद्धा सावलीने उठून दिसतं. पदक बोटभर फिरवायचं, फोटो काढायचा, परत फिरवायचं. एका फोटोत सगळं येत नाही.

कृपा करून चिंच, लिंबू, रांगोळी, पितांबरी यातलं काहीही लावू नका. दसऱ्याला देवाच्या भांड्यांबरोबर बिल्लाही घासून लख्ख करायची पद्धत काही घरांत आहे, आणि दरवर्षीच्या त्या घासण्याने कडेवरचं नाव पुसट होत जातं. काळवंडलेला बिल्ला चांगला, तो वाचता तरी येतो. असंच चांदीऐवजी ब्राँझमध्ये पदक असेल तर ते बहुधा न लढणाऱ्या कामावरच्या माणसाचं, हीसुद्धा माहितीच.

चांदणीच्या आकाराचं ब्राँझचं पदक असेल तर ते मागून वाचा. पहिल्या युद्धाच्या चांदणीवर १९१४ किंवा १९१४-१५ असं साल असतं. त्यावरून माणूस परदेशी रणभूमीवर १९१५ च्या अखेरीपर्यंत पोचला होता हे ठरतं. चांदणी नाही, फक्त गोल पदकं आहेत, तर तो १९१६ किंवा त्यानंतर गेला असावा. किंवा चांदणी हरवली असेल, तेही लक्षात असू द्या. दुसऱ्या महायुद्धाच्या चांदण्यांना सहा टोकं, आणि त्यांवर आफ्रिका, इटली, बर्मा अशी रणभूमीची नावंच आहेत. काम सोपं होतं. मात्र त्या पदकांवर माणसाचं नाव कोरलेलं असेलच असं नाही.

दुसरी वस्तू म्हणजे तळहातापेक्षा मोठी, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची थाळी. तिच्यावर हातात पुष्पचक्र घेतलेली बाई आणि सिंह. ही पहिल्या महायुद्धात मेलेल्या माणसाच्या घरी पाठवत. तिच्यावर नाव आहे पण हुद्दा किंवा पलटण नाही, मुद्दामच ठेवलेली नाही. थाळी असेल तर माणूस परत आला नाही हे निश्चित समजा.

मग कागद. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पिनशिनीचं पुस्तक, मनिऑर्डरच्या कुपनाचे तुकडे, फोटो. फोटोत गणवेशाच्या खांद्यावर आणि फेट्यावर काय आहे ते मोठं करून बघा. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर गाव कळतं: बेळगाव, खडकी, नाहीतर थेट बसरा. मोडीत लिहिलेला कागद निघाला तर ‘वाचता येत नाही’ म्हणून बाजूला टाकू नका. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तिथून शिकून बाहेर पडलेले वाचक जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. पानभर मोडी कोणीतरी हौसेने वाचून देतं.

एक सूचना कडक शब्दांत: मूळ बिल्ला कोणाच्याही हाती देऊ नका. ‘संशोधनासाठी नेतो, आठ दिवसांत आणून देतो’ म्हणणाराही फोटोवर भागवू शकतो. जुन्या पदकांचा बाजार आहे आणि गावोगाव फिरणारे खरेदीदारही.

म्हाताऱ्यांना काय विचारायचं

‘आजोबा कोणत्या रेजिमेंटमध्ये होते?’ हा प्रश्न फुकट जातो. उत्तर येतं ‘मिलिटरीत’. गावात लढायांची नावंही वेगळी. पहिलं महायुद्ध म्हणजे ‘जर्मनची लढाई’, इराक म्हणजे ‘बसरा’, मग तो माणूस बसऱ्यापासून कितीही लांब लढलेला असो. तेव्हा असं विचारा: पिनशिन आणायला कोणत्या गावाला जायचे? सुट्टीवर येताना कोणत्या स्टेशनला, कोणत्या बंदराला उतरायचे? पलटणीतले कोणते शब्द बोलायचे? शिव्या कोणत्या द्यायचे? (हसू नका, एखादा अरबी किंवा इटालियन शब्द घरात उरलेला असतो.) कोणाच्या पलटणीत कोणत्या गावचे अजून कोण होते? भरती भावकीने, गावाने व्हायची, त्यामुळे शेजारच्या वाडीतल्या माणसाचा नंबर सापडला तर आपल्या माणसाची पलटण बहुधा तीच.

पलटणीचं लाडकं नाव कोणाला आठवलं तर ते सोन्यासारखं. ‘जंगी पलटण’ म्हणजे तेव्हाची १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, ‘काळी पाचवी’ म्हणजे १०५ वी. हे आकडे पुढे लागणार आहेत.

सालं कोणाला आठवत नाहीत, म्हणून खुंट्या वापरा. १९१८ ची मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ आली तेव्हा ते घरी होते का? रामदास बोट बुडाली (जुलै १९४७) तेव्हा? कोयनेच्या भूकंपाआधी वारले की नंतर? एवढ्यावर माणूस दोन वर्षांच्या आत आणता येतो. आणि लगेच वयाचा हिशेब करा. १९२५ चा जन्म असलेले आजोबा जर्मनच्या लढाईत जाऊ शकत नाहीत. घराण्यात आजोबा आणि त्यांचे चुलते असे दोन्ही फौजी असले की दोघांच्या गोष्टी एकमेकांत मिसळून एकच आजोबा दोन्ही महायुद्धं लढलेले निघतात. असे लोक होतेही, पण फार थोडे.

बोलणं रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा. आणि आत्याला, माहेरवाशिणींना सोडू नका. घरातला मुलगा मुंबईला गेला, पण आजीजवळ बसून मनिऑर्डरची पावती कोणी वाचली असेल तर ती नातीने.

पलटणींची उलटापालट

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं अर्धं काम झालं. १९१४ साली मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ मध्ये त्या सगळ्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट केली आणि बेळगाव तिचं घर झालं. १०३ ची झाली पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची दहावी, जी रंगरूट तयार करायची. त्यामुळे १९१७ च्या कागदावर ११० आणि १९३० च्या पिनशिनीच्या पुस्तकात ३/५ (पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन) दिसलं तर माणूस बदललेला नाही, पाटी बदलली आहे.

नंबरचंही तसंच. तेव्हा प्रत्येक पलटणीची नंबरमाळ वेगळी, म्हणून २३४५ नंबरचे दहा शिपाई दहा पलटणींत सापडतील. नंबर आणि पलटण जोडीने लिहा, सुटा नंबर कधीही नको.

आणि मराठी माणूस मराठा पलटणीतच असेल असं समजू नका. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करातले इंजिनिअर), म्हणजे तेव्हाच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्येच फ्रान्सात नव्ह शापेलच्या लढाईत होरपळून निघाल्या. शिवाय पायोनियर, तोफखाना, खेचरांच्या तुकड्या, दवाखाने.

महार कुटुंबांचा शोध घेणाऱ्यांसाठी इथे थोडं थांबतो, कारण इतरांना लागू पडणारे नियम इथे चालत नाहीत. महारांची लष्करी परंपरा कंपनी सरकारच्या काळापासूनची, दापोलीचा कॅम्प पिनशनर सुभेदार-हवालदारांनी भरलेला. पण १८९० च्या दशकात सरकारने ‘लढाऊ जाती’ ठरवल्या आणि महारांची भरती बंद केली. महार समाजाचे पुढारी गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले ते याच कारणाने. माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली, आणि युद्ध संपल्यावर ती मोडून टाकली. महार रेजिमेंट आली १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात. याचा शोधाशी संबंध असा: पणजोबा १९१७ च्या आधी गेल्याचं घरात सांगत असतील तर पायदळाच्या यादीत शोधून उपयोग नाही. मजूर तुकड्या, हमाल, खेचरवाले, दवाखाने इथे बघा. आणि १९१९ ते १९२१ मध्ये नोकरी सुटून घरी आले असतील तर त्यांना काढून टाकलं असा अर्थ लावू नका, पलटणच उरली नव्हती. गावच्या पाटीवरच्या आकड्यात महारवाड्यातली माणसं धरली आहेत की नाहीत, हेही तपासून बघण्यासारखं आहे. गावाची यादी करताना वाड्या-वस्त्या सोडून फक्त गावठाणात विचारलं, तर आपणही तीच चूक करतो.

मेलेल्यांची यादी: इथे संगणक उघडा

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही १९१७ साली स्थापन झालेली संस्था. ब्रिटिश साम्राज्याच्या दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी तिच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. पहिल्या युद्धात ७४ हजारांहून अधिक आणि दुसऱ्यात ८७ हजारांच्या आसपास हिंदी सैनिक मेले, त्यांच्याही नोंदी तिथेच. यादीच्या मुदती लक्षात ठेवा: पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. म्हणजे लढाई थांबल्यावर १९२० साली इराकात तापाने गेलेला शिपाईही यादीत असतो.

शोधताना आडनावाने सुरुवात करू नका. ‘इंडियन आर्मी’ निवडा, युद्ध निवडा, आणि अधिक माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव इंग्रजीत टाका. तिथल्या बऱ्याच नोंदींत अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तालुका, जिल्हा, मुंबई इलाखा असं लिहिलेलं असतं. मात्र जिल्हे तेव्हाचे. रायगड म्हणजे कुलाबा, सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीत किंवा सावंतवाडी संस्थानात, सांगलीचा बराच भाग साताऱ्यात, आणि फलटण, औंध, भोर, जत ही संस्थानं वेगळीच.

इंग्रजी स्पेलिंग हा डोकेदुखीचा खरा विषय. भरतीच्या टेबलावरचा कारकून बहुधा परमुलखातला, शिपाई सांगतो तसं तो ऐकून लिहिणार. जाधवच्या शेवटी व्ही, डब्ल्यू किंवा नुसता ओ असतो, मधला एच गायब होतो. पवारमध्ये ए ऐवजी ओ, चव्हाणमध्ये एच-ए-एन ते डब्ल्यू-ए-एन काहीही, मोरेंचं कधी वाय लावून भलतंच काही. यशवंत घाडगे यांचं उदाहरण घ्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे घाडगे, हुद्दा नाईक, मराठ्यांची तिसरी बटालियन. १० जुलै १९४४ ला इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात एकट्याने मशीनगनचा मोर्चा घेतला आणि तिथेच पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. एवढा प्रसिद्ध माणूस, पण सरकारी कागदात त्यांच्या यशवंतमध्ये वाय नंतर ए नाही, ई आहे. आपण शाळेत शिकलो तसं टाकलं तर तेही सापडणार नाहीत. म्हणून नावाची फक्त पहिली दोन-तीन अक्षरं टाका आणि त्यातून आपल्या पलटणीची नावं निवडा. आडनाव अजिबात नसलेल्या नोंदीही भरपूर: नुसता ‘पांडू’, नुसता ‘बाबू’, पुढे बापाचं नाव. तिथे गाव आणि बापाचं नाव हेच तुमचे दोन साक्षीदार.

नोंद सापडली की सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे स्मारकाचं नाव. हिंदूंचं दहन होई, त्यामुळे कबर नसते, नाव कुठल्यातरी स्मारकाशी जोडलेलं असतं, आणि त्यावरून रणभूमी कळते. बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. नव्ह शापेल म्हणजे फ्रान्स. हेलेस म्हणजे तुर्कस्तानातलं गॅलिपोली. हेलिओपोलिस म्हणजे इजिप्त-पॅलेस्टाइनची बाजू. हे स्मारक पूर्वी सुएझजवळ पोर्ट तौफीकला होतं, ते अरब-इस्रायल लढायांत उद्ध्वस्त झाल्यावर नावं हेलिओपोलिसला हलवली. दुसऱ्या युद्धात केरन म्हणजे इरिट्रिया, अलामेन म्हणजे उत्तर आफ्रिका, कसिनो म्हणजे इटली, रंगून म्हणजे ब्रह्मदेश. दिल्लीचं इंडिया गेटही अशाच स्मारकांपैकी एक, त्यावर १३ हजारांहून अधिक नावं आहेत. खलाशी असेल तर मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममधलं स्मारक: पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं तिथे आहेत, आणि कोकणातल्या किती जणांना त्याचा पत्ता असेल याची मला शंका आहे.

पुण्यातली मंडळी उत्साहाने आधी खडकीच्या युद्ध दफनभूमीत जातात. जागा सुरेख ठेवली आहे, जरूर जा, पण तिथे बहुतांश कबरी ब्रिटिश सैनिकांच्या आहेत. आपला पणजोबा तिथे सापडेल ही आशा फार धरू नका.

बसऱ्याचं एक कडू सत्य सांगायला हवं. त्या स्मारकाच्या भिंतींवर ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपायांचे मात्र पलटणीनिहाय नुसते आकडे. कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच्याच चौकशी अहवालात हा भेदभाव मान्य केला. शिपायांची नावं नोंदवह्यांत होती, म्हणून आज ती संकेतस्थळावर मिळतात. तेव्हा कोणी बसऱ्याच्या भिंतीचा फोटो मागवून ‘आमचं नाव नाही’ म्हणालं तर तो पुरावा धरू नका.

मिळालेल्या दोन ओळींतून काय वाचायचं

समजा नोंद अशी मिळाली: शिपाई, ११० वी मराठा, ऑगस्ट १९१६, बसरा स्मारक. घरात गोष्ट अशी की ‘बसऱ्याला तोफेच्या गोळ्याने गेले’. आता तारीख बघा. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये, ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या हाताखाली होत्या. बगदादच्या दिशेने मुसंडी मारून मागे फिरल्यावर ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा या गावात त्यांना तुर्कांनी वेढलं. दाणागोटा संपत आला, घोडे कापायची वेळ आली, धर्माच्या अडचणीने बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस खायला बराच काळ नकार दिला, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यानंतर वाळवंटातून कैद्यांना चालवत नेलं. वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले.

मग ऑगस्ट १९१६ ला मेलेला ११० वा मराठा बहुधा युद्धकैदी होता आणि उपासमारीने किंवा आजाराने गेला. बहुधा. खात्री नाही, कारण या पलटणींच्या वेढ्याबाहेर राहिलेल्या आणि मागाहून आलेल्या तुकड्याही होत्या. तोफेचा गोळा मात्र जवळजवळ नक्कीच नाही. हे घरच्यांना सांगताना थोडं जपून सांगावं लागतं. गोळ्याने मरणं आणि भुकेने मरणं यांत कमीअधिक काही नाही, पण शंभर वर्षं एक गोष्ट सांगितलेल्या घराला ते पटायला वेळ लागतो.

दुसऱ्या युद्धातही तारीख अशीच बोलते. दुसरी बटालियन, काळी पाचवी, जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा तिथे जर्मन-इटालियन फौजांच्या हाती सापडली. ‘आजोबा इटलीत तीन वर्षं होते’ असं सांगणाऱ्या घरात ते लढायला गेले होते की कैदी म्हणून, हे बटालियनवरून ताडता येतं. मार्च १९४४ ला ब्रह्मदेशाच्या सीमेवर मेलेला चौथ्या बटालियनचा जवान असेल तर मणिपुरातल्या सांगशाकच्या लढाईबद्दल वाचा.

पलटण त्या दिवशी नेमकी कुठे होती हे युद्ध-रोजनिश्यांतून कळतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर आणि लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजकडे त्या आहेत. भाषा इंग्रजी, शिपायाचं नाव क्वचितच, पण त्या दिवशी पाऊस होता की नाही इथपर्यंत तपशील असतो.

परत आलेल्यांचं काय?

इथे बहुतेक नवशिके अडकतात. मेलेल्यांची यादी आहे, जिवंत परतलेल्यांची तशी सरसकट यादी नाही. पंजाबात पहिल्या युद्धातल्या गावनिहाय रंगरुटांच्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात निघाल्या आणि त्यांतल्या ३ लाखांहून अधिक नोंदी संगणकावर आल्या. मुंबई इलाख्याचं एवढं भाग्य नाही. तेव्हा तुकडे जोडावे लागतात.

पहिला दरवाजा रेकॉर्ड ऑफिस: मराठ्यांसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर, तोफखान्यासाठी नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी. साधं पत्र लिहा. नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव-तालुका-जिल्हा जुन्या आणि नव्या दोन्ही नावांनी, नोकरीचा अंदाजे काळ, तुमचं नातं. सोबत बिल्ल्याचा किंवा डिस्चार्जचा फोटो. शीट रोल किंवा सेवेची नोंद उपलब्ध असल्यास मिळावी अशी विनंती. नंबर नसलेल्या पत्राला उत्तराची आशा कमी. नंबर असूनही पहिल्या महायुद्धाचे कागद मुदत संपून गेलेले असू शकतात. दुसऱ्या युद्धातल्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे विधवांना अनुदान देताना केलेल्या नोंदी असतात.

दुसरा दरवाजा तहसील कचेरी, आणि याकडे कोणाचं लक्षच जात नाही. जमिनीचे जुने फेरफार काढा. माणूस लढाईत मेला की त्याच्या हिश्श्यावर वारस नोंद व्हायची, आणि फेरफाराच्या मजकुरात तो कधी व कुठे मयत झाला ते तलाठी कधीकधी लिहून ठेवी. गाव नमुना नंबर १४, म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावात झालेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत. परदेशी मेलेला त्यात सापडणं कठीण, पण परत येऊन गावात वारलेला सापडतो, आणि त्याच्या मुलांचे जन्म. मुलांच्या जन्मांमध्ये चार-पाच वर्षांची मोकळी जागा दिसली की तो काळ पलटणीतला धरून पुढे तपासा. शाळेच्या जनरल रजिस्टरात बापाचा धंदा ‘लष्करी’ किंवा ‘पेन्शनर’ लिहिलेला असतो. कोल्हापूर संस्थानातल्या गावांसाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार विसरू नका.

लिहून ठेवताना

एक वही किंवा तक्ता करा: नाव देवनागरीत, कागदावरचं इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं, नंबर, पलटण, बापाचं नाव, वाडी, काय झालं, आणि शेवटचा रकाना ‘कशावरून’. तो रकाना रिकामा असेल तर ओळ पेन्सिलीने लिहा. ‘घरी सांगतात’ हाही आधार आहे, फक्त तसं लिहा. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता पण इंग्रजाने दाबला, असं सांगणारं घर प्रत्येक तालुक्यात एक तरी असतं. त्यांच्याशी वाद घालू नका आणि यादीतही घेऊ नका, व्हिक्टोरिया क्रॉसची यादी सगळ्या जगाला पाठ आहे.

पलटण सोडून पळून आलेले, आझाद हिंद सेनेत गेलेले, गोऱ्या साहेबाशी भांडून काढून टाकलेले, हेही गावचेच. त्यांची नावं गाळू नका, पण फलकावर काय यायचं ते त्या घराला विचारून ठरवा. पिनशिनीच्या पुस्तकाचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकताना खात्याचे नंबर झाका.

पाटीवरचा आकडा आणि तुमची यादी जुळणार नाही. पाटीवर मृत ५ आणि तुम्हाला सापडले ७, किंवा उलट. पाटीसाठीचे आकडे लढाईनंतर गोळा झाले, एकाच नावाच्या दोन गावांत गोंधळ झाला, मुंबईत गिरणीत असताना भरती झालेला गावच्या हिशेबात आला नाही, अशी कारणं असतात. पाटी पाडून नवी करायचा उत्साह मात्र आवरा. जुनी तशीच ठेवून शेजारी नावांची नवी लावा.

यादीत असायला हवा पण कमिशनच्या नोंदीत नाही असा माणूस सापडला, तर त्यांना कळवता येतं. त्यांना दोन गोष्टी कागदाने सिद्ध झालेल्या लागतात: तो सेवेत होता, आणि वर दिलेल्या मुदतीत मेला. घरातली ब्राँझची थाळी, पिनशिनीचा विधवेच्या नावचा कागद, फेरफारातली मयत तारीख यांचे स्पष्ट फोटो आणि प्रत्येकाचं इंग्रजी भाषांतर जोडून पाठवा. नावाच्या स्पेलिंगची दुरुस्तीही त्याच मार्गाने कळवायची. उत्तराला वेळ लागतो, म्हणून पाठवलेल्या सगळ्याची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत, मुख्याध्यापकांची सही घेऊन ठेवा.